पॉझ केलेला गेम आणि अडकलेली पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. 2009 च्या मार्चमधल्या एका दुपारी तिथल्या दिवाणजींचा फोन आला. “सर, प्रिंटर दम खात छापतोय. दोन ओळी काढतो आणि थांबतो. शेतकरी बसलेत, जरा येऊन जावा.” मी विश्रामबागेतून निघून यार्डात पोचलो तोवर वीज गेली होती, यूपीएसनं मान टाकली होती, आणि वीज परत आल्यावर मशीन चालू केलं तर त्या दिवसाच्या पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांची, फाइल उघडेना.

प्रिंटरचा त्यात काही दोष नव्हता. दोष एका गेमचा होता, आणि तोही कुणी खेळत नसलेल्या, पॉझ करून ठेवलेल्या गेमचा. मल्टिटास्किंग, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टिमवर चालताना गेमनं बाकीच्या कामांशी जुळवून घ्यावं, की चालू असेपर्यंत सगळं मशीन आपलंच समजावं, या प्रश्नावर मी तोवर गंभीरपणे विचार केला नव्हता. त्या दुपारनंतरचे तीन आठवडे मात्र तेवढाच विचार केला. त्या वेळी वहीत केलेल्या नोंदींवरून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

दुकान आणि मशीन

दुकानात कॉम्प्युटर एकच. पेंटियम 4, एकाच कोअरचा (म्हणजे एका क्षणी एकच काम करणारा), 512 एमबी रॅम, विंडोज एक्सपी, सतरा इंची जाडजूड मॉनिटर, पॅरलल पोर्टला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि बॅटरी थकलेला एक यूपीएस. सकाळी सौदे झाले की दुपारी पट्ट्या निघायच्या. वजन, दर, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, हे सगळं त्या पट्टीवर. मार्चमध्ये नव्या हळदीची आवक जोरात असते, चिक्कोडीकडूनही माल येतो, आणि पट्टी हातात पडल्याशिवाय लांबचा माणूस परतीची वाट धरत नाही.

शेठचा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्याकडे स्वतःचं मशीन नव्हतं. दुपारी दुकान शांत झालं की तो मामाच्या कॉम्प्युटरवर बसायचा आणि स्वतः लिहिलेला गेम चालवून बघायचा. हा गेम कुठून उतरवलेला नव्हता, सी++ आणि डायरेक्टएक्स 9 (विंडोजमधली गेमसाठीची चित्र-आवाजाची सोय) वापरून त्यानंच लिहिलेला होता. विषय होता 2005 चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढत जाते, 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, आणि खेळणाऱ्यानं नाव वल्हवत गल्ल्यांमधल्या गच्च्यांवर अडकलेली माणसं बाहेर काढायची. पूर आला तेव्हा या पोरानं घरच्यांबरोबर दोन रात्री शेजाऱ्यांच्या माडीवर काढलेल्या. गेममधली गल्ली त्याच्याच घराची होती. हे सांगतो, कारण पुढे त्याच्या चुकांबद्दल बरंच लिहायचं आहे. पोरगा उनाड नव्हता आणि गेम टाकाऊ नव्हता.

त्या दुपारी काय घडलं

दिवाणजींनी 23 पट्ट्या एकदम छपाईला लावल्या आणि ते पुढच्या गादीवर जाऊन बसले. “तुमचं छापून होईपर्यंत बसतो,” म्हणत भाच्यानं गेम सुरू केला. थोड्या वेळात प्रिंटरची चाल बदलली. खर्र करून दोन ओळी, मग शांतता, परत खर्र. दिवाणजी आत येऊन म्हणाले, “अरे, ते बंद कर बघू जरा.” त्यानं गेम पॉझ केला, स्क्रीनवर ‘थांबला आहे’ अशी पाटी आली, आणि मित्राचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. प्रिंटर तसाच दम खात राहिला. गेम थांबलेला सगळ्यांनाच दिसत होता, त्यामुळे दिवाणजींचा आणि फोनवर माझाही संशय प्रिंटरवरच गेला. मी त्यांना रिबन आणि केबल बघायला सांगितलं. तो माझा सल्ला चुकीचा होता.

मग वीज गेली. यूपीएस टॅं टॅं करू लागला. अशा वेळी काय करायचं ते मीच दिवाणजींना शिकवलं होतं: ऑल्ट-टॅब करून हिशोबाच्या खिडकीत जायचं, काम बंद करायचं, मग विंडोजची कळ दाबून मशीन बंद करायचं. ते ऑल्ट-टॅब करायचे, डेस्कटॉप क्षणभर दिसायचा आणि गेम परत पुढ्यात येऊन उभा राहायचा. विंडोजची कळ तर दाबली तरी हलेना. “मी बाहेर पडतोय आणि ते परत तोंडावर येतंय,” असं त्यांनी मला नंतर सांगितलं. चार-पाच वेळा हे झालं आणि यूपीएस संपला. हिशोबाचं सॉफ्टवेअर तोवर छपाईतच अडकलेलं, त्याच्या फायली उघड्या. इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची यादी, अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत मशीन गेलं.

सौद्याची कच्ची वही होती म्हणून निभावलं. दिवाणजींनी आणि मी मिळून 23 पट्ट्या परत भरल्या. शेवटची पट्टी हातात पडली तेव्हा दिवे लागले होते. दोघा शेतकऱ्यांची शेवटची एसटी चुकली आणि ती माणसं रात्री दुकानातच पोत्यांवर झोपली. शेठनी त्याच रात्री हुकूम सोडला की दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेम दिसता कामा नये.

प्रिंटरच्या आवाजात लपलेला पुरावा

गेम काढून टाकून प्रकरण मिटलं असतं. पण मला तो ठेका सोडवेना. प्रिंटर बिघडला की तो अडखळतो, कागद खातो, अक्षरं फिकी काढतो. ठराविक अंतरानं थांबून परत सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं, गेम लावला, एक पट्टी छपाईला सोडली आणि घड्याळ धरलं. खंड साधारण चार सेकंदांचा होता.

हा आकडा ओळखीचा होता. विंडोजमध्ये प्रत्येक कामाला प्राधान्याचा एक क्रमांक असतो. साधा प्रोग्रॅम 8 वर चालतो. भाच्यानं गेमला ‘हाय’ वर्ग दिलेला होता, म्हणजे 13. एकच कोअर असताना 13 वाला अखंड पळत राहिला तर 8 वाल्याची पाळी येतच नाही. तो कायमचा उपाशी राहू नये म्हणून विंडोजमध्ये एक सोय आहे. जे काम चारेक सेकंद तयार असूनही ताटकळत राहिलं, त्याला थोड्या वेळापुरतं 15 वर चढवतात. छपाईचं काम दर चार सेकंदांनी वर चढायचं, घासभर खायचं, परत खाली ढकललं जायचं. प्रिंटरचं दम खाणं ते हेच.

आता पॉझचं. गेमची मुख्य फेरी अशी लिहिलेली होती: विंडोजकडून काही संदेश (कळ दाबल्याचा वगैरे) आलाय का बघ, नसला तर चित्र काढ, परत बघ, परत काढ. पॉझ केल्यावर बदलायचं एवढंच की नाव हलत नव्हती आणि पाणी चढत नव्हतं. चित्र काढणं चालूच, तेही मोकाट वेगानं, कारण कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचा, आकडा मोठा दिसावा म्हणून त्यानं मॉनिटरच्या गतीशी जुळवून घेणं बंद केलेलं. मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा. गेम दोनशेच्या वर चित्रं काढत होता. साठाच्या वरचं काम कुणाच्याही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. त्यासाठी प्रोसेसर मात्र पूर्ण जुंपलेला. रिकामा पेंटियम 4 आणि पूर्ण जुंपलेला पेंटियम 4 यांच्या विजेच्या भुकेत मोठा फरक असतो. थकलेला यूपीएस त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर बसला त्याला हेही एक कारण, असं माझं मत आहे.

ऑल्ट-टॅबचा गोंधळ वेगळा. डायरेक्टएक्स 9 च्या काळात गेमनं पूर्ण स्क्रीनचा एकहाती ताबा घेतला आणि तो सुटला, की ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत ठेवलेलं त्याचं सामान जायचं. याला ‘डिव्हाइस हरवणं’ म्हणत. रीतसर मार्ग असा की गेमनं शांत बसायचं, ताबा परत मिळण्यासारखा झालाय का हे अधूनमधून विचारायचं, उरलंसुरलं सोडून द्यायचं आणि मग नव्यानं मांडायचं. हे लिहायला किचकट. भाच्यानं पळवाट काढली होती: डिव्हाइस हरवलं रे हरवलं की सगळं मोडून लगेच नवीन उभं करायचं, पूर्ण स्क्रीनसकट. म्हणून दिवाणजी बाहेर पडले की गेम त्यांच्या अंगावर परत यायचा. आणि विंडोजची कळ चुकून लागून खेळ मोडू नये म्हणून डायरेक्टइनपुटमध्ये (डायरेक्टएक्सच्या कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागात) ती बंद करायचा पर्याय असतो, तो त्यानं लावलेला.

चारही गोष्टी कुठल्या ना कुठल्या ट्युटोरियलमधून उचललेल्या होत्या. एकेकटी घेतली तर कुठलीच भयंकर नाही. एकत्र आल्या आणि वीज गेली.

भाच्याची बाजू

त्याला चुका दाखवल्या तेव्हा तो गप्प बसला नाही, आणि ते मला आवडलं. “काका, गेम म्हणजे काय वर्ड आहे का? वर्ड अर्धा सेकंद थांबला तर कुणाला कळत नाही. गेममध्ये एका चित्राला सोळा मिलिसेकंद मिळतात. त्यातच इनपुट, पाणी, टक्कर, आवाज, चित्र. मध्येच दुसऱ्या कुणी मशीन नेलं की झटका बसतो आणि नाव भिंतीवर आपटते. मशीन पूर्ण मिळालंच पाहिजे.”

हे खरं आहे, आणि याला जुना इतिहास आहे. डॉसवर प्रश्नच नव्हता. एका वेळी एकच प्रोग्रॅम, गेम सुरू झाला की मशीन त्याचं. 640 केबीच्या मर्यादेत जागा पुरावी म्हणून लोक खास गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवायचे. अमिगा या घरगुती कॉम्प्युटरची गोष्ट जास्त बोलकी आहे. 1985 मध्ये आलेल्या त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम खऱ्या अर्थानं मल्टिटास्किंग होती, म्हणजे कामांमध्ये प्रोसेसर वाटण्याचा अधिकार तिच्या स्वतःच्या हातात होता. तरीही त्यावरचे कितीतरी गेम फ्लॉपीवरून थेट बूट व्हायचे, सिस्टिमला बाजूला सारायचे आणि हार्डवेअरशी स्वतः बोलायचे. अमिगा 500 मध्ये मुळात 512 केबी स्मृती, प्रोसेसर सात मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि एका प्रोग्रॅमची स्मृती दुसऱ्यापासून राखायची सोयच नाही. सिस्टिम चालू ठेवायची म्हणजे तिच्यासाठी जागा सोडायची, आणि जागाच कमी. लिहिणाऱ्यांनी ताबा घेतला तो उर्मटपणानं नव्हे, गरजेनं.

त्याची किंमत पुढे वसूल झाली. हे गेम हार्ड डिस्कवर बसेनात, नव्या प्रोसेसरवर चालेनात, संपल्यावर मशीन रीस्टार्ट करण्यावाचून गत्यंतर नसायचं. मग चाहत्यांनीच डब्ल्यूएचडीलोड नावाची सोय उभी केली. ती अशा एकलकोंड्या गेमला हार्ड डिस्कवरून चालवते आणि एका कळीनं खेळणाऱ्याला परत सिस्टिममध्ये आणून सोडते. बाहेर पडण्याचा तो रस्ता लोकांनी गेमच्या पाठीमागे वर्षानुवर्षं खपून बांधला. लिहिणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ठेवला असता तर थोडक्यात झालं असतं.

भाचा म्हणाला, “आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स?” मी म्हटलं, एक्सबॉक्स 360 मध्ये 512 एमबी स्मृती आहे, त्यातली 32 एमबी सिस्टिमनं स्वतःसाठी राखलेली आहे. कुठलाही गेम चालू असो, मधलं बटण दाबलं की सिस्टिमची खिडकी वर येतेच. गेमसाठीच जन्मलेल्या मशीनमध्येसुद्धा शेवटचा शब्द गेमचा नाही. यावर तो बराच वेळ विचार करत बसला.

आमच्या जिल्ह्यात सहकार हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून त्याला पुढचं त्याच भाषेत सांगितलं. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये मल्टिटास्किंग सहकारी पद्धतीचं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपलं थोडं काम करून आपणहून पाळी सोडायची. सगळ्यांनी सोडली तर गाडा उत्तम चालतो. एकानं धरून ठेवली की सगळेच अडकतात, एका बड्या थकबाकीदारानं सोसायटी बसावी तसे. 1995 च्या विंडोज 95 नं 32 बिटांच्या प्रोग्रॅमसाठी पाळी काढून घ्यायचा अधिकार सिस्टिमकडे घेतला. संस्थेवर प्रशासक बसला म्हणा. त्याच वर्षी डायरेक्टएक्स आलं, आणि त्यात गेमनं सुरुवातीलाच जे फंक्शन (तयार आज्ञा) बोलवायचं त्याचं नावच ‘सेटकोऑपरेटिव्हलेव्हल’. सहकाराची पातळी सांग. इतरांबरोबर साधेपणानं राहणार, की स्क्रीन एकहाती हवी? एकहाती मागायला बंदी नाही. पण मागायचं, आणि सिस्टिमनं परत मागितली की द्यायची. ही मांडणी मला आजही न्यायाची वाटते. भाच्यानं अर्ज एकहातीचा केला होता, परतीची अट पाळली नव्हती, आणि वर 13 क्रमांक घेऊन प्रशासकाच्या डोक्यावर बसला होता.

दिवाणजी हे सगळं शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे काट्यासारखंच की ओ. पोतं काट्यावर आहे तोवर काटा त्याचा, त्याला कोण हात लावतंय? वजन झालं की उतरवायचं. उतरवलंच नाही तर मागची रांग काय करणार?” मला जे सांगायला अर्धा तास लागला होता ते त्यांनी एका दमात सांगितलं. भांडण गेमनं किती घेतलं याचं नाहीच. खेळणारा खेळतोय तोवर त्यानं खुशाल सगळं घ्यावं. तो उठला, बाहेर पडला, त्यानं पॉझ केलं, सिस्टिमनं हाक मारली, की त्या क्षणी सोडता आलं पाहिजे.

दोन रविवार

शेठकडून दोन रविवारांची मुदत मागून घेतली. दुकान बंद, यार्डात शुकशुकाट, शटर अर्धं खाली. मी शेजारी बसलो, कोड त्यानंच बदलला.

आधी ‘हाय’ प्राधान्य काढलं. तो नाराज होता, पण गेम एकटा चालत असताना फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण स्पर्धेला दुसरं कुणी नव्हतंच. मग मॉनिटरच्या गतीशी जुळवणी परत चालू केली, आणि नावेची हालचाल फ्रेमच्या संख्येपासून सोडवून ठराविक कालपावलांवर बांधली. यात एक अडचण आली. एका चित्रानंतर पुढच्या वेळेपर्यंत थोडं झोपावं म्हणून ‘स्लीप’ सांगितलं, तर एक मिलिसेकंद सांगूनही विंडोज दहा-पंधरा मिलिसेकंद झोपू देतं, कारण तिचं घड्याळच तेवढ्या ढोबळ टोल्यांवर चालतं. घड्याळ बारीक करायची सोय आहे, पण एक्सपीत ते सगळ्या सिस्टिमचं बारीक होतं आणि वीज जास्त जाते. म्हणून खेळ चालू असेपर्यंतच बारीक करायचं आणि पॉझ झाला की लगेच पूर्ववत, असं ठरवलं. (ही गोष्ट पुढे 2020 च्या विंडोज 10 मध्ये दुरुस्त झाली. एका प्रोग्रॅमनं मागितलेलं बारीक घड्याळ आता बाकीच्यांवर लादलं जात नाही.)

पॉझचा बदल सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोलाचा. पॉझ झाला किंवा खिडकीवरून लक्ष गेलं, की गेमनं ‘संदेश आहे का’ असं विचारत पळायचं सोडून ‘संदेश येईपर्यंत झोपतो’ म्हणून बसायचं. ‘पीकमेसेज’च्या जागी ‘गेटमेसेज’. एवढ्यानं टास्क मॅनेजरमधली शंभराची रेघ जमिनीला टेकली.

डिव्हाइस हरवण्याचं प्रकरण मात्र एक अख्खा रविवार खाऊन गेलं. कुठलं चित्र कुठल्या साठ्यात ठेवलंय याची त्यानं कधी नोंदच केली नव्हती. जमेल तेवढी चित्रं व्यवस्थापित साठ्यात हलवली, म्हणजे ती सिस्टिमच परत भरून देते. उरलेल्यांची यादी केली, सोडायचं आणि परत मांडायचं असं दोन्ही लिहिलं. इथं मला भाच्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर ऑपरेटिंग सिस्टिमचा रागही आला. सहकार दोन्ही बाजूंनी हवा. खिडकी बदलली एवढ्यासाठी गेमचं सगळं सामान रस्त्यावर फेकायचं आणि परत मांडायची जबाबदारी त्याच्यावरच टाकायची, हा व्यवहार बरा नव्हता. विंडोज व्हिस्टाबरोबर ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी रचना आली. तिनं कार्डाची स्मृती सिस्टिमच्या देखरेखीखाली घेतली आणि कार्डाचं कामही पाळीपाळीनं वाटायला सुरुवात केली. डायरेक्टएक्स 10 पासून ऑल्ट-टॅबनं डिव्हाइस हरवणं थांबलं. विंडोज 10 मध्ये तर पूर्ण स्क्रीनचा म्हणून चालणारा गेम बऱ्याचदा आतून स्क्रीनभर पसरलेली साधी खिडकीच असतो, वेगात फारसं न गमावता. माझ्या मते गेम लिहिणारे अडेल होते त्याला निम्मं कारण हेच, की सहकाराची किंमत सिस्टिमनं वर्षानुवर्षं त्यांच्याच खिशातून काढली.

विंडोजची कळ मोकळी केली, ती दाबली की आधी पॉझ आणि मग मेन्यू. मशीन बंद होताना सिस्टिम विचारते तेव्हा लगेच हो म्हणायचं आणि पाण्याची पातळी, नावेची जागा, वाचवलेली माणसं एका छोट्या फाइलीत लिहून ठेवायची.

एका मुद्द्यावर मी हरलो. मी म्हणत होतो की स्क्रीनचं रेझोल्यूशन बदलू नकोस, डेस्कटॉपच्याच 1024 बाय 768 वर चालव. पण मदरबोर्डवरच्या त्या ग्राफिक्सला एवढे पिक्सेल भरताना धाप लागायची. 640 बाय 480 आणि एकहाती ताबा, यातच नाव पाण्यासारखी सरकायची. ते तसंच ठेवलं. गरज खरी असेल तर ताबा घ्यावा, हे मला मान्य आहे.

झटका कुणी सोसायचा?

चाचणीत एक गोष्ट उरली, ती लपवत नाही. गेम चालू असताना पट्टी छपाईला सोडली की प्रिंटर आता अखंड चालायचा, पण नावेला मधूनच हलका झटका बसायचा. भाचा लगेच म्हणाला, “बघा काका. हेच म्हणत होतो.”

त्याचं बरोबरच होतं. एकाच कोअरवर दोघांचं मन राखता येत नव्हतं. पण मग झटका कुणी सोसायचा हे ठरवावं लागतं, आणि गेमच्या कोडमध्ये 13 लिहिणाऱ्यानं ते सगळ्यांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. खेळणाऱ्याला वाटतं मशीनवर आपण एकटे आहोत. त्या दुपारी त्या मशीनवर दिवाणजी होते, शेठ होते, आणि कीबोर्डला कधी हात न लावलेले, पट्टीची वाट बघत पोत्यांवर बसलेले शेतकरी होते. त्या दोघांची एसटी चुकली ती नाव भिंतीवर आपटू नये म्हणून. आपल्याकडे कॉम्प्युटर एका माणसाचा क्वचितच असतो. तो घरचा असतो, दुकानाचा असतो, भावाच्या अभ्यासाचा आणि वडिलांच्या सातबाऱ्याचा असतो. म्हणून मूळ वाटणी सिस्टिमकडेच राहावी. ज्याला खेळासाठी जास्त हवं त्यानं ते स्वतः, समजून-उमजून वाढवावं. भाच्यानं मग सेटिंगमध्ये तसा पर्याय ठेवला, मूळ स्थितीत बंद. 2017 मध्ये विंडोज 10 मध्येच ‘गेम मोड’ आला आणि चालू गेमला झुकतं माप द्यायचं काम सिस्टिमनं स्वतःकडे घेतलं, तेव्हा मला त्या पर्यायाची आठवण झाली.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेठना बोलावून दाखवलं. भाचा खेळायला बसला, दिवाणजींनी पट्टी सोडली, पाणी 43 फुटांवर असताना मी मेन स्विच पाडला. यूपीएस ओरडला. दिवाणजींनी विंडोजची कळ दाबली, गेम मागे सरकला, हिशोब बंद झाला, मशीन बंद झालं, तरी यूपीएस ओरडतच होता. वीज देऊन मशीन परत लावलं. पट्ट्या जागेवर. गेम उघडला तर विचारत होता, 43 फुटांपासून पुढे चालू करायचं? शेठ काही बोलले नाहीत, पण हुकूम मागे घेतला. अट एकच, 23 काय आणि 3 काय, पट्ट्या निघाल्याशिवाय बसायचं नाही.

राहिलेला पाऊस

आठवड्यानं दिवाणजींचा परत फोन. “सर, गेम मागं गेलाय, प्रिंटर ठीक आहे. पण पाऊस पडतोय.”

गेममध्ये पुराच्या पार्श्वभूमीला पावसाचा आणि गडगडाटाचा आवाज होता, फिरून फिरून वाजणारा. भाच्यानं तो डायरेक्टसाउंडला (डायरेक्टएक्सच्या आवाजाच्या भागाला) देताना, खिडकीवरून लक्ष गेलं तरी वाजत राहावा असा झेंडा, म्हणजे पर्यायाची खूण, लावलेला होता. गेम बिचारा शहाण्यासारखा झोपला होता, पण आवाज सिस्टिमच्या हवाली केलेला असल्यानं तो गेमशिवायही चालूच राहिला. भर मार्चमध्ये आतल्या खोलीतून ढग गडगडले. बाहेर अंगणात हळदीची पोती उघडी. वळीव आला म्हणून दोन हमाल ताडपत्री घेऊन धावले आणि निरभ्र आकाशाखाली उभे राहिले.

आम्ही प्रोसेसर मोजला, स्मृती मोजली, स्क्रीन मोजली. स्पीकरही सगळ्यांचा मिळून एकच आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, दिवाणजींनी त्याला आधीच सांगितलंय, झेंडा काढलाय, आणि आता तो दुकानातच बसून गेम मागे-पुढे करत कान देऊन बघतोय.